खोली मोजताना

डबा भाकरीच्या डब्याएवढाही नाही.
चेतननं पुण्याहून आणला. म्हणाला, मामा,
आधी ऐका, मग बोला.
ठेवला मी त्याच कपाटावर
जिथं सव्वीस वर्षं चार व्हॉल्व्ह
संध्याकाळी नारिंगी होत आले.

त्यांना तापायला वेळ लागायचा.
तेवढ्यात मी हातपाय धुवायचो,
दीपनगरची राख मानेवरून उतरायची,
आणि यासीनभाईंनी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर
आतल्या आत गुणगुणायला लागायचा.
यासीनभाई फैजपूरचे. केळीच्या मळ्यांतल्या मोटारी भरायचे.
म्हणाले होते, साहब, जी तार विहिरीतनं पाणी ओढते
ती गाणं नाही का ओढणार?
ओढलं.

याला तापणं ठाऊक नाही.
एक निळा ठिपका, की तयार,
मुलाखतीला आलेल्या पोरासारखा.
सोबत बोटभर माईक.
फोननं सांगितलं: शांतता राखा, पंखा बंद करा.
भुसावळ, मे महिना, दुपारचे साडेतीन.
पंखा बंद केला.

मग त्यानं एक आवाज सोडला,
म्हशीच्या हंबरण्यापासून थेट कानाशी आलेल्या डासापर्यंत
एका दमात चढत गेलेला,
आणि खोली काय उत्तर देते
ते ऐकत बसला.
सहा जागी ऐकलं. सहाही माझ्या खुर्चीभोवती.

रेघ सपाट यायला हवी होती,
आला सातपुडा.
सत्तर हर्ट्झवर तर उभा कडाच.
मी कागद घेतला, जुनी खोड:
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ फूट,
सत्तरची लाट त्यात बरोबर अर्धी मावते,
अडकते, फुगते.
म्हणजे तंबोऱ्याचा तो खरज,
ज्याला तळच नाही असं मी आल्यागेल्याला ऐकवलं,
ज्याच्यावर फेगडे सर डोळे मिटून म्हणायचे
काय खोली आहे हो –
ती खोली
खोलीचीच होती.

फेगडे सर आता नाहीत. बरं झालं,
त्यांना सांगावं लागलं नाही.

दुरुस्ती चालू केली.
खरज आला, आपल्या मापाचा, अंगाला बसलेला.
आणि त्याच्यामागून
इतकी वर्षं त्याच्या पाठीशी उभे असलेले
एकेक पुढे आले:
पेटीच्या पट्टीची लाकडी टकटक,
तान घेण्याआधी बुवांनी ओढलेला श्वास,
मैफलीत मागे कुणीतरी सरकवलेली खुर्ची.
मी खोटं बोलणार नाही. चांगलं होतं.
इतकं चांगलं, की राग आला.

चेतन माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी म्हटलं, ठीक आहे.

तेव्हा दारातून सिंधू बोलली.
ती तिथंच असते, मधल्या दाराच्या उंबऱ्यावर,
मांडीवर सूप, सुपात उडीद,
अर्धं लक्ष कुकरकडे.
"तुमच्या खुर्चीले काय ऐकू येते ते नी मालूम,
अठी तं बुवा सर्दी झाल्यासारखा गाते.
पहिले बरं होतं."

सव्वीस वर्षं.
मला वाटत होतं ती उडीद निवडते.

चेतन काहीतरी समजावणार होता,
कुठल्या लाटा कुठं एकमेकींना खातात वगैरे.
मी त्याला म्हटलं, माईक दे.
लोणच्याची बरणी उपडी घातली उंबऱ्यावर,
वर माईक उभा केला, तिच्या कानाच्या उंचीवर.
ती म्हणाली, मी उठू का?
म्हटलं, नको, बस. तुझ्यासकट मोजू दे.

पुन्हा पंखा बंद.
म्हैस ते डास, डास ते म्हैस.
दीड मिनिट घरात कुणी बोललं नाही.
तिच्या कपाळावरून घाम खाली आला,
तिनं पुसला नाही,
पदराचा आवाज माईकमध्ये जाईल म्हणून.

आता खुर्चीत थोडं बिघडलंय.
फोनवर दिसतं, कानालाही कळतं,
खरजाला पुन्हा जरासं पोट सुटलंय.
चेतन म्हणतो, दोन सेटिंग ठेवता येतात, मामा,
बटण दाबलं की झालं.
येत असतील.

व्हॉल्व्ह जुन्या लुंगीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेत.
थंडीत बघू.